दुकानाचं कार्ड आणि कार्डावरचा मोर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये गजानन मार्केटच्या गल्लीत शिरलं की सरळ चालता येत नाही. डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल, हातगाडी, लग्नाच्या खरेदीला आलेली सगळी सासर-माहेरची माणसं, यांच्यातून वाट काढत जावं लागतं. या गावात मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. त्यामुळे निम्म्या दुकानांतून 'सर, चाय पिऊन जा' अशी हाक येते. अशाच एका कापडाच्या दुकानातल्या आजोबांनी मागे मला बोलावून घेतलं. त्यांना सगळे दादा म्हणतात. सिंधी घरांत वडीलधाऱ्याला दादाच म्हणतात. दादा कराचीहून आले तेव्हा सहा वर्षांचे होते.

गादीमागच्या कपाटातून त्यांनी प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कागदाची घडी आणि घडीतून एक कार्ड. पिवळं पडलेलं, एका कोपऱ्याला दुमडलेलं. मधोमध पिसारा मिटून बसलेला मोर, त्याखाली इंग्रजी आणि सिंधी अक्षरांत दुकानाचं नाव, आणि कराचीतल्या एका बाजाराचा पत्ता. हे दादांच्या वडिलांच्या दुकानाचं कार्ड. 'हात लावून बघा सर,' दादा म्हणाले.

मी अंगठा फिरवला. मोर अंगठ्याला लागत होता.

काम असं होतं की नातवाला दुकानासाठी नवीन कार्डं छापायची होती आणि दादांचा हट्ट होता की मोर हाच हवा. छापखान्यातल्या मुलाने मोबाइलवर फोटो काढून तो संगणकावर मोठा केला, तर पिसाऱ्याच्या जागी नुसता काळा डाग आला. मग कोणाला तरी आठवण झाली की आपल्याला चित्रकलेचे सर होते! मी हो म्हणून बसलो, आणि त्या मोरामुळे पुढचे काही महिने मी भलत्याच गोष्टी वाचत राहिलो. त्यातलं थोडं तुम्हाला सांगावंसं वाटतं.

आधी अंगठ्याची गोष्ट. हल्ली लग्नपत्रिकेवरची अक्षरंही वर आलेली असतात. ती बहुतेक पावडरीची करामत असते. ओल्या शाईवर राळेची पूड टाकतात, ती गरम करतात, पूड फुगून चकचकीत होते. अशी पत्रिका उलटी करून पाहा, मागची बाजू सपाट लागेल. खरं कोरीव छपाईचं कार्ड उलटं केलं की अक्षरांच्या मागे बारीक खळगा लागतो. कारण तिथे कागद स्वतःच दाबाखाली साच्यात गेलेला असतो. दादांच्या कार्डामागे तो खळगा होता. म्हणजे कोणीतरी हा मोर धातूच्या पत्र्यावर हाताने कोरला होता.

हे काम कसं करतात ते थोडक्यात सांगतो. तांब्याचा पत्रा आरशासारखा घासून घ्यायचा. तो वाळू भरलेल्या चामड्याच्या छोट्या गादीवर ठेवायचा. कारागिराच्या हातात पोलादी कोरणी असते, तिची गोल मूठ तळहातात बसते. गंमत म्हणजे वळणदार रेघ काढताना हात फारसा वळवत नाहीत, दुसऱ्या हाताने पत्रा फिरवतात. कोरणी पुढे ढकलली की तांब्याची बारीक तार सुटत जाते आणि मागे चर राहतो. मग शाई चोपडून बोळ्याने पुसून घ्यायची. वरची पुसली जाते, चरातली राहते. त्यावर ओलसर कागद, त्यावर लोकरीचं कापड, आणि हे सगळं उसाच्या चरकासारख्या दोन रुळांमधून काढायचं. कागद चरात दबतो आणि शाई उचलून घेतो. म्हणून रेघ वर येते.

आता यातली मुख्य अडचण लक्षात घ्या. छापताना सगळं उलट होतं, म्हणून अक्षरं उलटी कोरावी लागतात. आणि इथे करडा रंग नाही. शाई आहे किंवा नाही, एवढंच. मोराच्या गळ्याची गोलाई दाखवायची तर रेघा जवळजवळ आणायच्या, उजेड दाखवायचा तर लांब न्यायच्या. चुकलं तर तेवढा भाग खरवडायचा, मागून हातोडीने ठोकून पत्रा वर आणायचा आणि पुन्हा घासून गुळगुळीत करायचा. दुकान दुसऱ्या गल्लीत गेलं की दुकानदार असाच पत्ता बदलून घेत. अख्खा पत्रा नवीन करणं परवडत नसे.

अशा कार्डांचा मोठा बहर लंडनमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात आला. त्यांना कार्ड म्हणत, पण बहुतेक वेळा तो साधा कागदच असे, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गिऱ्हाइकाचं बिल लिहून देत. तेव्हा घरांना नंबर नव्हते. दुकानाबाहेर पाटी टांगलेली असे, तीवर सोनेरी सिंह, तीन खुर्च्या, निळा मासा असं काही चित्र. कार्डावर तेच चित्र कोरायचं, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही दुकान सापडेल. १७६०च्या दशकात रस्त्यांवर टांगलेल्या या पाट्या उतरवायला लावल्या आणि हळूहळू घरांना नंबर आले. तरी कार्डावरची चित्रं गेली नाहीत. गिऱ्हाईक पत्ता विसरतं, चित्र विसरत नाही, हे व्यापाऱ्याला कळलेलं होतं.

हे काम कमी दर्जाचं मानलं जाई, पण ते करणारे हात काही कमी नव्हते. विल्यम होगार्थ हा पुढे इंग्लंडचा नामवंत चित्रकार झाला. त्याची उमेदवारी चांदीवर नक्षी कोरणाऱ्या माणसाकडे झाली, आणि एप्रिल १७२०मध्ये त्याने स्वतःच्या धंद्याचं कार्ड स्वतःच कोरलं. पुढे त्याच्या चित्रांच्या चोरट्या नकला बाजारात आल्या तेव्हा त्याने खटपट केली आणि १७३५ साली कोरीव चित्रांना चौदा वर्षं संरक्षण देणारा कायदा इंग्लंडच्या संसदेने केला. त्या कायद्याला आजही होगार्थचा कायदा म्हणतात. मात्र दुकानांच्या कार्डांवर या कायद्याचा फारसा उजेड पडलेला दिसत नाही. एकाची महिरप दुसऱ्याने उचलावी, तिसऱ्याने त्यात आपलं नाव घालावं, हे राजरोस चाले. आणि बहुतेक कार्डांवर कोरणाऱ्याचं नावच नाही.

ही कार्डं उरली तीही हौशी माणसांमुळे. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांची बहीण सारा सोफिया बँक्स, हिने आयुष्यभर असले फुटकळ कागद जमवले. लोक तिला विक्षिप्त समजत. विसाव्या शतकात अँब्रोज हील या फर्निचरच्या व्यापाऱ्याने हजारो कार्डं गोळा केली आणि १९२५मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. दोन्ही संग्रह आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आमच्या कॅम्प दोनच्या फर्निचर बाजारातही असा एखादा हील निघावा अशी माझी फार इच्छा आहे. तिथली जुनी बिलबुकं दर दिवाळीला रद्दीत जातात.

तसं पाहिलं तर दुकानाची छापील जाहिरात ही युरोपची कमाई नव्हे. चीनमध्ये जिनान गावच्या ल्यू घराण्याच्या सुयांच्या दुकानाचा धातूचा ठसा बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो सोंग राजवटीतला, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकाच्या मधला. त्यावर औषध कुटणारा पांढरा ससा आहे, आणि मजकुराचा मतलब असा की दारासमोरचा पांढरा ससा हीच आमची खूण, ती ओळखा, उत्तम पोलादाच्या सुया मिळतील. यात सगळं आलं. वस्तू, खूण, पत्ता, आणि 'नकली मालापासून सावध राहा' हे न बोलता.

मग आपल्याकडे काय होतं? तांब्यावर कोरणं आपल्याला नवं नव्हतं. उल्हासनगरपासून हाकेच्या अंतरावर अंबरनाथचं शिवमंदिर आहे, त्यातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. ज्या शिलाहारांच्या काळातलं ते मंदिर, त्या शिलाहारांनी जमिनी दान दिल्या की ताम्रपट कोरून दिले. आपल्याकडच्या जुन्या ताम्रपटांच्या शेवटी अनेकदा लिहिणाऱ्याचं आणि कोरणाऱ्याचंही नाव येतं. लंडनच्या कोरक्याला जे मिळालं नाही ते आपल्या तांबटाला, सोनाराला शतकानुशतकं आधी मिळालेलं होतं. पण ताम्रपट हाच दस्तऐवज. त्याला शाई लावून कागदावर उठवावं, म्हणजे एकाचे शंभर होतील, हा विचार आला नाही. खरं म्हणजे त्याची गरजही नव्हती. दान एकाचं, पट्टा एक.

हा विचार आला तो पुण्यात, अठराव्या शतकाच्या अखेरीस. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या सहवासात एका तांबटाने छपाईसाठी कोरण्याची कला शिकून घेतली. नाना फडणविसांच्या मनात भगवद्गीता छापवून घ्यायचं होतं. १८०० साली नाना गेले आणि ते काम राहिलं. मग तो कारागीर मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासात या गीतेची हकिकत दिली आहे. विचार करा, आयुष्यभर भांडी घडवलेल्या, सरळ नक्षी कोरलेल्या त्या माणसाला सगळी देवनागरी उलटी कोरायला शिकावं लागलं असेल. काना डावीकडे, वेलांटी भलतीकडे. आणि एकेक श्लोक असा.

ही वाट पुढे रुंद झाली नाही, कारण तेवढ्यात शिळाछाप आला. बव्हेरियातल्या एका जातीच्या चुनखडी दगडावर तेलकट शाईने लिहायचं, दगड ओला करायचा. पाणी कोऱ्या जागी राहतं, शाई तेलकट जागी. कोरायची मेहनत गेली. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. एकेक रंगाला एकेक दगड वापरून रंगीत चित्रंही निघू लागली. आणि दुकानाच्या कार्डाचं सगळं काम, म्हणजे खूण पटवणं, डोळ्यात भरणं, विश्वास मागणं, हे एका नव्या कागदाकडे गेलं. तो कागद म्हणजे कापडाच्या ताग्यावरचं रंगीत लेबल.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी आजीची ट्रंक असेल त्यांनी तिचं झाकण आठवावं. माझ्या आजीच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून एक कृष्ण चिकटवलेला होता, सोनेरी किनारीचा. खाली इंग्रजीत काहीतरी होतं. आजी त्याला नमस्कार करूनच लुगडं काढायची. पुष्कळ वर्षांनी मी ते इंग्रजी वाचलं. तो एका विलायती कापड कंपनीचा पत्ता होता!

अशी लाखो लेबलं मँचेस्टरहून मुंबईत आली. व्यापारी त्यांना टिकट म्हणत, टिका म्हणत, आणि गिऱ्हाईक म्हणे छाप. घोडा छाप, मोर छाप, हत्ती छाप. मांजरपाटाचे दोन तागे शेजारी ठेवले तर त्यांतला फरक ओळखणं अवघड. खानदेशातल्या बाजाराला आलेली बाई कंपनीचं नाव कशाला लक्षात ठेवेल? मागच्या वेळी मोर छाप टिकलं, आता मोर छापच द्या, एवढंच ती सांगणार. म्हणजे व्यापाऱ्याची सगळी पत त्या वीतभर कागदावर. म्हणून त्यावर पैसा ओतला जाई. सात-आठ रंग, वर सोनेरी भुकटी, कधी उठावाचं काम.

मँचेस्टरच्या छापखान्यांत बसून ही चित्रं काढणाऱ्या बहुतेकांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. मुंबईचा दलाल नमुना धाडे, इकडच्या छापील देवांची चित्रं धाडे. त्यावरून काढलेली लक्ष्मी कधी जरा मडमेसारखी दिसे, आणि वाघाला शिकारी कुत्र्याचा चेहरा येई. मला या चुका फार आवडतात. कुणीतरी न पाहिलेल्या देशातल्या न भेटलेल्या गिऱ्हाइकाचं मन ओळखायचा प्रयत्न करतंय, असं त्यांतून जाणवतं. २०२५मध्ये बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीत याच लेबलांचं 'टिकट टिका छाप' नावाचं प्रदर्शन होतं. तेव्हा कुठे यांना भिंत मिळाली.

इकडेही कारागिरी उभी राहिली होती. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली गिरगावात छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तंत्रज्ञ जर्मनीहून आणलेले. १९०३मध्ये तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला आणि देवादिकांच्या तसबिरींबरोबर तिथे व्यापारी कामंही निघू लागली. याच छापखान्याशी संबंध आलेल्या एका मराठी माणसाने १९०८च्या सुमारास लोणावळ्याला 'फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' काढलं. हेच आपले दादासाहेब फाळके. चित्रपट काढण्याआधी ते ठसे करणाऱ्यांच्या जगातले होते, हे आपण विसरतो.

आता छापाला एवढी किंमत आली म्हटल्यावर चोरी आलीच. एकाचा मोर उजवीकडे बघतो, तर दुसरा डावीकडे बघणारा मोर काढी. इंग्लंडात १८७५ साली व्यापारी खुणांच्या नोंदणीचा कायदा झाला, आणि कापडाच्या खुणा इतक्या निघाल्या की त्यांच्यासाठी मँचेस्टरला वेगळी कचेरी ठेवावी लागली. १८८७मध्ये तिथल्या दुसऱ्या एका कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालायला लावलं. 'मेड इन जर्मनी' हे शब्द तेव्हा आले, हलक्या मालाची ओळख म्हणून! पुढे त्याच शब्दांनी भाव खाल्ला. त्या पाठोपाठ १८८९ साली हिंदुस्थानात मर्चंडाइज मार्क्स कायदा आला. ताग्यावर कापडाची खरी लांबी यार्डांत छापणं त्याने सक्तीचं केलं, म्हणजे त्याआधी काय चालत असेल याची कल्पना येते. खुणांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा मात्र आपल्याकडे १९४० उजाडेपर्यंत नव्हता.

'मेड इन' म्हटलं की आमच्या गावाचं नाव निघणारच, तर मीच काढतो. उल्हासनगरचा माल 'मेड इन यूएसए' असतो आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तुम्ही ऐकलेला आहे. मीही वर्गात पोरांकडून ऐकला आहे, आणि हसलो आहे. मात्र हसताना मागचं थोडं ठाऊक असावं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्या रिकाम्या बराकींत लाखाच्या आसपास निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं. आलेल्यांत कापडाचे, धान्याचे, सराफीचे जुने व्यापारी होते. त्यांच्याकडे अनुभव होता, भाषा होत्या. नाव नव्हतं. कराचीत ज्या मोराला चार जिल्ह्यांत पत होती तो मोर ठाणे जिल्ह्यात कोणी ओळखत नव्हतं. ज्याचा छाप हरवला तो दुसऱ्याचा छाप लावतो. हे योग्य होतं असं मी म्हणत नाही. लंडन आणि मँचेस्टरने शंभर-दीडशे वर्षं तेच केलं आणि मग कायदे केले, एवढं लक्षात आणून देतो. इथेच जवळ जपानी बाजार आहे, तिथे आजवर मला जपानी माणूस दिसलेला नाही.

छापाच्या बळाची आणखी एक बाजू आहे. स्वदेशीच्या चळवळीत लेबलावर चरखा आला, भारतमाता आली, गांधीजी आले. आणि गांधीजींचं चित्र लावून गिरणीचं कापडही खादी म्हणून खपवलं जाऊ लागलं. स्वातंत्र्यानंतर १९५० साली बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्ध कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात पुढे महात्मा गांधींबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचंही नाव आलं. त्यांचं नाव किंवा चित्र धंद्याच्या खुणेसाठी वापरता येत नाही. कॅलेंडरावर चित्र चालतं, पण त्या कॅलेंडराने मालाची जाहिरात करायची नाही. पुण्याच्या एका जुन्या बिडीच्या बंडलावरचं 'संभाजी' हे नाव लोकांच्या विरोधानंतर २०२१मध्ये 'साबळे' झालं, तोही याच जातीचा प्रश्न. बिडीच्या चिठ्ठीवरून माणसं रस्त्यावर येतात, तर हा कागद क्षुल्लक कसा?

अंबरनाथचं सांगायचं राहिलं. काड्यापेटीचं लेबल हे या कार्डाचं सगळ्यात धाकटं भावंडं. सुरुवातीला काड्यापेट्या स्वीडन, ऑस्ट्रिया, जपानहून येत, त्यांच्यावरही आपलेच देव. १९२२मध्ये सरकारने आयात काड्यापेट्यांवरची जकात वाढवली, तेव्हा स्वीडिश कंपनीने इथेच कारखाने घालायचं ठरवलं. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, स्थापन झाली आणि तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. लहानपणी आम्ही रुळांच्या कडेने फिरून छाप गोळा करायचो. जहाज, घोडा, चित्ता. एका चांगल्या छापाला पाच साधे, असा आमचा भाव होता. आता कारखाना नाही, विम्को नाका तेवढा आहे. त्याच सुमारास तामिळनाडूत शिवकाशीला काड्यापेटीचा घरगुती धंदा सुरू झाला. लेबलं लागतात म्हणून तिथे छापखाने आले, आणि छापखाने आले म्हणून देशभरची कॅलेंडरं तिथून येऊ लागली. आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा गणपती असा काड्यापेटीच्या मागून आला आहे.

हे सगळं मी दादांना थोडं थोडं सांगत होतो. एके दिवशी त्यांनी मला थांबवलं आणि कार्ड का ठेवलं होतं ते सांगितलं. निर्वासितांनी मागे सोडलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवायचा कायदा १९५० साली झाला. दादांच्या वडिलांकडे दुकानाचा एकही धड कागद नव्हता. वह्या तिकडेच राहिल्या. अंगरख्याच्या खिशात होती ती चार-पाच कार्डं. दाव्याच्या अर्जाला त्यांनी एक कार्ड टाचलं. कारकुनाने ते बघून सांगितलं, याने काही सिद्ध होत नाही, असं कार्ड कोणीही छापून आणेल. 'माझे वडील म्हणाले, साहेब, बोट फिरवून बघा,' दादा सांगत होते. 'ते म्हणाले, असा मोर छापायला दुकान असावं लागतं.'

दाव्याचे किती पैसे मिळाले ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की उरलेल्या कार्डांतलं हे शेवटचं.

मोर काढायला मला तीन आठवडे लागले. भिंगाखाली कार्ड ठेवून मी रेघा मोजत बसायचो. गळ्यावर कुठे रेघ दुसऱ्या रेघेला छेदते, कुठे सुटते, सगळं ठरलेलं. एका पिसाजवळ कोरणी घसरल्याची खूण होती. ती त्याने लपवली नव्हती, तिचंच एक गवताचं पातं करून टाकलं होतं. त्या माणसाशी माझी जी काही ओळख झाली ती त्या पात्यापाशी. चारी कोपरे भिंगाने शोधले, कुठे नाव नव्हतं, छापखान्याचंही नाही. पातं मी तसंच ठेवलं.

नातू म्हणाला, 'सर, खाली कोपऱ्यात तुमचं नाव टाकू?' मी नको म्हटलं. मोर माझा नव्हता, आणि ज्याचा होता त्याचं नाव घालता येत नव्हतं. कोपरा कोरा राहिला.

कार्डं छापून आली. पत्ता गजानन मार्केटचा, अक्षरं इंग्रजी आणि मराठी, शिवाय मोबाइलने पैसे भरायचा तो काळा-पांढरा चौकोन. नातवाने हौसेने पावडरीची छपाई घेतली होती, त्यामुळे मोर अंगठ्याला लागत होता. दादांनी पुढून अंगठा फिरवला आणि मान हलवली. मग कार्ड उलटं करून मागून फिरवला.

'मागे काही लागत नाही,' ते म्हणाले, आणि हसले. शंभरातली पाच कार्डं वेगळी काढून त्यांनी कागदाच्या घडीत ठेवली, घडी प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी कपाटात.